डावीकडे कुणी नाही

१२ ऑगस्ट

ताई,

तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून हा कागद. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. तुझा पत्ता आईने दिला, पण देताना म्हणाली की मी दिला असं लिहू नकोस. तेव्हा तो मला कुठून मिळाला ते मला माहीत नाही.

आधी भांडणाचं उरकून घेऊ. सगळं तुला ठाऊक आहे, पण तू रागावलीस की तुला सोयीचं तेवढंच आठवतं, म्हणून परत एकदा लिहितो. तुझ्या गावातल्या त्या छोट्या क्लबाच्या सेक्रेटरीच्या बिल्डिंगमधल्या लिफ्टची दुरुस्ती तू बघतेस. लिफ्ट उघडून ठेवून, तो जिन्याने जाऊ शकत नाही हे ओळखून, तू त्याला माझं कौतुक ऐकवलंस आणि त्याने मला खेळून दाखवायला बोलावलं. त्याच आठवड्यात या मोठ्या क्लबाचा फोन आला. बाबा चष्म्याचं दुकान भरदुपारी बंद करून घरी आले, जे ते अंगात ताप असतानाही करत नाहीत. मी सही केली. तुला विचारलं नाही, कारण तू नाही म्हणणार हे उघड होतं. आता तूच सांग. इकडे हिरवळीला पाणी मारायला पगारी माणसं आहेत, आणि तुझ्या त्या क्लबात गोलच्या मागे कुणाचे तरी कपडे वाळत असतात. कुठल्याही शहाण्या माणसाने काय केलं असतं?

फोनवर तू शेवटचं जे बोललीस ते मला पाठ आहे. "तिथे तुला बाकावर बसवतील. तुझ्या बुडाला बाकाचा आकार येईल." तर कळवायला आनंद वाटतो की मी अजून एकदाही बाकावर बसलेलो नाही.

खोलीत माझ्याबरोबर राखीव गोलकीपर आहे. त्याला सगळे आजोबा म्हणतात. चौतीस वर्षांचा आहे, म्हणजे इथल्या हिशेबाने पेन्शनीतला. गुडघ्यांना मलम चोळत बसतो आणि मला चांगलं वागवतो. खिडकीतून सरावाचं मैदान दिसतं आणि त्याच्या डाव्या अंगाला जनरेटरची शेड.

उत्तर पाठव. शिव्या असल्या तरी चालतील.

शेपूट

(तुझ्या मागे मागे फिरायचो म्हणून तू ठेवलेलं नाव. इथे कुणाला सांगितलेलं नाही, आणि तूही सांगू नकोस.)


२९ सप्टेंबर

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. आई म्हणते पत्र पोचलं, तू ते फ्रिजवर ठेवलंस. फ्रिजवर म्हणजे चुंबकाने लावलंस की वर धुळीत टाकलंस, ते तिला सांगता येईना.

बाकावर बसलेलो नाही असं लिहिलं होतं, ते खरंच होतं. बाकावर बसायलाही नाव यादीत यावं लागतं. ज्यांचं येत नाही ते सूट घालून स्टँडमध्ये बसतात. मी तिथे बसत होतो. हसून घे.

पण आज सरावात मला पहिल्या संघाबरोबर खेळवलं, आणि जे झालं ते तुझ्यामुळे झालं. म्हणून घाईने लिहितोय.

मैदानाच्या मध्यावर मी होतो. बॉल पायात आला, मी वळलो आणि डावीकडे लांब पास दिला. न बघता. शाळेमागच्या मैदानात द्यायचो तसाच, कोपऱ्याच्या जरा अलीकडे, जिथे तू पोचलेली असायचीस. पास इतका सुंदर होता की मी स्वतःशीच हसलो. मान वर केली तर तिथे कुणीच नाही. बॉल एकटाच निघाला होता, रेषा ओलांडून जनरेटरच्या शेडमध्ये गेला.

डाव्या बाजूला आमच्याकडे जावई आहे. हे त्याचं नाव नव्हे, पण त्याला आग्रह केल्याशिवाय तो जागचा हलत नाही, म्हणून नाव पडलं. तो कमरेवर हात ठेवून बॉलकडे पाहत होता, जसं काही बॉलने त्याला रीतसर आमंत्रण द्यायला हवं होतं.

आमच्या कोचला सगळे मास्तर म्हणतात. मास्तरांचा एक नियम आहे. ज्याच्या चुकीने बॉल बाहेर गेला त्याने तो स्वतः आणायचा, आणि तोवर सगळ्यांनी उभं राहायचं. मी शेडमध्ये गेलो, बॉल घेऊन आलो, खेळ सुरू झाला, आणि थोड्या वेळाने मी पुन्हा तेच केलं. मग पुन्हा. जनरेटरवाल्याने शेवटी माझ्यासाठी दार उघडंच ठेवलं.

"डावीकडे कोण आहे तुझं?" मास्तरांनी विचारलं.

मी म्हटलं, कुणी नाही.

तू असतीस तर धावली असतीस. धावली नाहीस, म्हणून मला ओरडा बसला. इतकंच कळवायचं होतं.

शेपूट


८ नोव्हेंबर

ताई,

मी खऱ्या मॅचमध्ये खेळलो. शेवटची दहाएक मिनिटं, आम्ही हरतच होतो म्हणून. पहिलाच बॉल माझ्याकडे आला आणि माझ्या पायांनी मला न विचारता तो डावीकडे पाठवला. डावीकडे जाहिरातीचा बोर्ड होता. लोक हसले. एवढे लोक एकदम हसतात तेव्हा कसा आवाज होतो हे तुला सांगता येणार नाही, पण तू कल्पना कर आणि जरा वाईट वाटून घे.

आता ड्रेसिंग रूममध्ये मला पोस्टमन म्हणतात. घर रिकामं असलं तरी पत्र टाकून जातो म्हणून. जावई रोज सकाळी विचारतो, माझं काही टपाल आहे का. धाव म्हणजे मिळेल, असं तोंडावर येतं, पण तो माझ्यापेक्षा वरचा खेळाडू आहे, म्हणून मी चहा ढवळत बसतो.

बाबांनी मॅच दुकानातल्या टीव्हीवर पाहिली. दुसऱ्या दिवशी फोन. मी कसा आहे वगैरे काही नाही, सरळ म्हणाले की तुला डाव्या बाजूचं दिसत नाही, नंबर वाढलाय. चष्मेवाल्याचा मुलगा आणि जगासमोर आंधळ्यासारखा खेळतो, दुकानाची काय शोभा राहिली, हे वर. मी सांगितलं की बाबा, मी बघतच नाही, तर दिसायचा प्रश्न येतो कुठे. यावर ते जास्तच घाबरले. परवा पार्सल आलं. त्यात चष्मा, पट्टा लावून डोक्याला घट्ट बसणारा. आजोबा तो घालून खोलीभर फिरला.

तू तिथून बाबांना एक फोन करून सांगू शकतेस की याचे डोळे ठीक आहेत. माझ्याशी बोलू नकोस, पण त्यांच्याशी तर तुझं भांडण नाही ना?

शेपूट


१६ डिसेंबर

ताई,

मास्तरांनी माझं औषध शोधलंय. सरावात बॉल माझ्याकडे निघाला की मैदानावरचे सगळे जण एकत्र ओरडतात, "बघ!" मग मी बघतो. बघून देतो. जो जवळ उभा असेल त्याला, बहुतेक मागे, नाहीतर बाजूला. एकही बॉल बाहेर जात नाही. जनरेटरवाल्याची आणि माझी भेट होऊन बरेच दिवस झाले.

सगळे खूश आहेत. मास्तर म्हणाले सुधारलास. आता दर मॅचला बाकावर असतो, आणि हो, आकार येतोय, तुझा अंदाज बरोबर होता. मधूनअधून शेवटी उतरवतात. मी उतरतो, बघतो, मागे देतो, हात हलवून परत येतो. पेपरात माझ्याबद्दल एक शब्द आला होता, "सुरक्षित". बाबांनी तो कापून दुकानात लावला.

आणि मला कंटाळा येतो, ताई. बॉल पायात आला की कंटाळा येतो. हे दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. इथे या जागेसाठी पोरं रांग लावून उभी आहेत, आणि एप्रिलअखेर मास्तर ठरवणार कुणाला ठेवायचं नि कुणाला निरोप द्यायचा. मी राहिलो तर हा असाच राहीन, बघून मागे देणारा. आणि न बघता दिला तर राहणार नाही. दोन्हीकडून अडकलोय. लहानपणी खेळ संपला की मला घरी जावंसं वाटायचं नाही, तू कॉलर धरून न्यायचीस. आता सराव संपायच्या आधी माझं लक्ष ड्रेसिंग रूमकडे असतं.

तुला यावर काही म्हणायचं असेलच. तुला प्रत्येक गोष्टीवर म्हणायचं असतं. नेमकं आत्ताच तोंड शिवून बसायचं सुचलं का?

शेपूट


११ फेब्रुवारी

ताई,

हे मात्र अति झालं.

चार दिवसांपूर्वी आईचा फोन आला. आवाज एकदम दवाखान्यातला. म्हणाली, "ती तुझ्याशी बोलत नाही, पण तुला सांग म्हणाली, कोपर खाजवणं अजून गेलं नाही." मी विचारलं, पुढे? पुढे काही नाही. एवढंच सांगून तू फोन ठेवलास, कारण तुला कुठेतरी लिफ्ट अडकल्याचा फोन आला होता, आत माणसं होती.

सहा महिने झाले. मी तुला मन उघडं करून लिहितो, कंटाळा आला, अडकलोय, काय करू, आणि तू आईकरवी निरोप पाठवतेस तो माझ्या कोपराबद्दल. आईला वाटलं मला खरूज झाली. तिने शेजारणीला विचारलं, शेजारणीने तिच्या सुनेला, आणि आज मलमाच्या दोन ट्यूब आल्या, सोबत चिठ्ठी, की दुसऱ्यांचे टॉवेल वापरू नकोस. एक आजोबाने गुडघ्यांसाठी घेतली. घरात एकाला माझे डोळे गेलेले वाटतात, दुसरीला कातडी, आणि तू गंमत बघतेस.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आलीय. कोपर खाजवतो हे तुला दिसलं कुठे? गेल्या शनिवारी मी मॅच संपता संपता उतरलो होतो, आणि कॅमेरा माझ्यावर मुद्दाम कुणी लावत नाही. म्हणजे तू पूर्ण मॅच लावून बसतेस आणि मी उतरेपर्यंत थांबतेस.

बोलत नाही म्हणे.

शेपूट


१५ फेब्रुवारी

ताई,

आधीचं पत्र टाकून चारच दिवस झालेत, ते आधी वाच आणि मग हे. किंवा ते फाडून टाक, मला पर्वा नाही. मी इतका चिडलोय की दुपारपासून नीट बसताही येत नाही.

आज दुपारी आजोबाच्या फोनवर जुन्या मॅच पाहत होतो. क्लब सगळ्यांना पाठवतो, मी स्वतःला बघायला नको म्हणून उघडत नव्हतो. तुझ्या त्या कोपरामुळे उघडल्या. सुरक्षित पास देताना हात सरळ. बघतो, देतो, हात खाली. फक्त त्या शनिवारी एकदा हात कोपराकडे गेला, आणि तरी मी बघून मागेच दिला. मग नोव्हेंबरमधला तो बोर्डावर गेलेला पास आला. आजोबाने तो थांबवून थांबवून दाखवला. बॉल यायच्या जरा आधी माझा उजवा हात डाव्या कोपराकडे जातो आणि काहीतरी वर ओढतो. तिथे ओढायला काही नाही. अर्ध्या बाह्यांचा शर्ट आहे.

"काय चाचपतोस रे?" आजोबाने विचारलं.

बाही, ताई. तुझे जुने शर्ट. तुझ्या अंगाचे, मला गुडघ्यापर्यंत यायचे, बाह्या बोटांच्या पुढे लोंबायच्या. लांब पास द्यायच्या आधी मी डावी बाही वर ओढायचो, नाहीतर ती मध्ये यायची. इतकी वर्षं झाली, शर्ट माझ्या मापाचे आले, बाही राहिली नाही, आणि हात अजून तिथे जातो.

आणि तू ती बाही बघून धावायचीस.

मी न बघता पास द्यायचो, आणि तू बरोब्बर तिथे असायचीस, आणि मला वाटायचं की हा माझा पाय. मैदानाच्या कडेचे लोक म्हणायचे, पोराला पाठीला डोळे आहेत. मी फुगायचो. तू पाणी पीत बाजूला बसायचीस आणि अक्षर बोलायची नाहीस. मला वाटायचं मी तुला शोधतोय. तू मला बघून, ओळखून, धावून, बॉलच्या आधी तिथे पोचून, वर मला मोठेपणा मिळू द्यायचीस.

सांगायला काय झालं होतं? सही करायच्या वेळी सांगितलं असतंस, की अरे गाढवा, तुझ्या पासात अर्धी मी आहे. मी ऐकलं नसतं, हे खरं, पण सांगायला हवं होतंस. मी इथे सहा महिने एका माणसाला पास देतोय जो फक्त माझ्या डोक्यात होता. जावयाला शिव्या घालतोय की धावत नाही. तो बिचारा कशावरून धावेल? त्याला बाहीबद्दल कुणी सांगितलं होतं?

मला फार राग आलाय, आणि तुझी फार आठवण येतेय. दोन्ही खरं आहे, हवं ते उचल.

शेपूट


२२ एप्रिल

ताई,

दोन महिने लिहिलं नाही. रुसलो होतो. तुझ्याकडून शिकलो.

मार्चमध्ये मी जावयाला चहाला बोलावलं आणि सगळं सांगितलं. तुझ्याबद्दल, शर्टाबद्दल. ड्रेसिंग रूममध्ये सांगितलं असतं तर मला मरेपर्यंत चिडवलं असतं, म्हणून बाहेर नेलं. तो गंभीरपणे ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तू हात लावलास की मी निघायचं. एवढंच ना? मग इतके दिवस बोलला का नाहीस?" मला त्याचं डोकं कपबशीवर आपटावंसं वाटलं, पण प्रश्न रास्त होता.

आम्ही सरावानंतर थांबून ते करून पाहिलं. सुरुवातीला तो मी घाम पुसला तरी धावायचा. मग जमायला लागलं. मास्तर लांबून बघत होते. एके दिवशी जवळ येऊन म्हणाले, ही खूण समोरच्यांनाही दिसेल, मग? मी म्हटलं, त्यांना खरूज वाटते, मास्तर, माझ्या आईलाही वाटली. मास्तर हसले नाहीत, पण "बघ" असं ओरडायला त्यांनी सगळ्यांना बंद केलं.

परवाच्या मॅचमध्ये मला लवकर उतरवलं. तू पाहिलीच असशील, तरी माझ्या बाजूने सांगतो. बॉल आला. हात गेला. मी मान वर केली नाही, शपथ. मारला आणि मग पाहिलं. डावीकडे जावई होता. आग्रहाशिवाय, आमंत्रणाशिवाय, जिवाच्या आकांताने धावत पोचलेला, आणि बॉल त्याच्या पायाशी असा येऊन थांबला की त्यालाच धक्का बसला. समोर फक्त गोलकीपर. त्याने तो बॉल इतका वर मारला की तो अजून खाली आला असेल असं मला वाटत नाही.

लोक हसले. पण या वेळी माझ्यावर नाही. आणि मला हसू आलं, ताई, मैदानावर, गोल हुकलेला असताना. मग मॅच संपेपर्यंत मला घरी जावंसं वाटलं नाही.

आज मास्तरांनी बोलावलं. म्हणाले, ठेवतो तुला. पण इथे पुढचं वर्षही शेवटची दहा-पंधरा मिनिटंच मिळतील, हे आत्ताच सांगतो. नाहीतर एक वर्ष छोट्या क्लबात जा, पूर्ण मॅच खेळ आणि परत ये. याला उसना देणं म्हणतात. शेजारी साखर देतात तसा मला देणार, आणि वर्षाने वाटी परत मागणार. कुठे जायचंय ते ठरव म्हणाले, यादी पुढे सरकवली.

मी यादी न बघता तुझ्या गावच्या क्लबाचं नाव सांगितलं.

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "तिथलं मैदान पाहिलंयस का? गोलच्या मागे कपडे वाळतात. तिथे आहे काय?"

मी म्हटलं, डावीकडे माणूस आहे.

त्यांना कळलं की नाही ठाऊक नाही, पण त्यांनी सही केली. बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, तिथे तुझी ताई आहे ना, मग ठीक. आई रडली, पण ती पत्ता देतानाही रडली होती.

तेव्हा हे एकदाच लिहितो, आणि तू हे मोठ्याने वाचून दाखवायचं नाही, मला नाही, आईला नाही, लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांनाही नाही. तू बरोबर होतीस. झालं.

दहा मेला दुपारी पोचतो. तुझ्या घरी बोलायची सक्ती नाही, भाड्यात वाटा देईन, आंघोळीला वेळ लावणार नाही. संध्याकाळी मात्र माझ्याबरोबर मैदानावर यायचं. कपडे बाजूला सारू आणि तू डावीकडे धाव. तुझं वय झालंय, दम लागेल, मी हळू मारीन.

आणि दोन्ही हातांत सामान असेल. बाबांचा तो चष्मा आणि उरलेलं मलमही त्यातच आहे. म्हणजे मला बेल वाजवता येणार नाही आणि कोपराला हातही लावता येणार नाही. तरी तू दार उघड.

शेपूट